अकरा संपलं म्हणून एकोणीस

आवककाकांच्या घरात चहाची पूड कुठे असते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मागच्या हिवाळ्यात देवाघरी गेलं.

ते माणूस म्हणजे काकांची बायको. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणे. काकाही चारचौघांत 'बाई'च म्हणत आणि घरात नुसतं 'अगं'. काकांना आवककाका हे नाव चिकटलं ते नोकरीमुळे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते जन्मभर आवक टेबलावर बसले. येईल त्या कागदावर नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि पुढे सरकवायचा. त्या कागदाचं पुढे काय झालं, हे विचारणं त्यांच्या टेबलाचं काम नव्हतं. घरीही तोच शिरस्ता. जेवण ताटात आवक व्हायचं. ते कुठल्या खात्यातून निघालं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. आणि बाईंनीही कधी करू दिली नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर एकट्या काकांवर अन्याय होईल.

आता बाईंचं स्वयंपाकघर. निवृत्त झाल्यावर बाईंनी सुताराला बोलावून भिंतभर एक मांडणी करून घेतली. रुंदीला अठरा खण, उंचीला सात, आणि खाली वेगळ्या दोन लांबट रांगा, आगगाडीला मागून जोडलेल्या डब्यांसारख्या. वरच्या अंगाला मधोमध भलीमोठी खाच, दोन्ही टोकांना बुरूज. त्या खाचेत बरोब्बर खिडकी बसली होती. सुतार कुरकुरला होता, "बाई, मधली जागा फुकट जातेय. फळ्या मारू का?" बाई म्हणाल्या, "नको. तिथे कुणी राहत नाही."

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला असतो, तो मूलद्रव्यांचा तक्ता, म्हणजे आवर्तसारणी, बाईंनी घरात उभी केली होती. प्रत्येक खणात एक चौकोनी डबा आणि डब्यावर फक्त नंबर. आत काय आहे ते लिहिलेलं नाही. ज्या मूलद्रव्याचा तो नंबर, त्याच्याशी नातं सांगणारी वस्तू त्या डब्यात. "नावं कशाला? नंबर आला की नाव आलंच," असं बाईंचं म्हणणं. ते बाईंच्या बाबतीत खरं होतं.

बाई गेल्या. भेटायला येणारी माणसं येऊन गेली. लेक परदेशातून आली, राहिली, रडली आणि रजा संपली म्हणून परत गेली. मग एका सकाळी काका त्या भिंतीसमोर उभे राहिले. एवढे डबे आणि एवढे नंबर. नंबरांवर काकांचा जन्माचा विश्वास, पण हे नंबर काही बोलेनात. चहाची पूड हुंगत हुंगत शोधावी लागली. ती नवात सापडली. नवातच का, हे काकांना कळलं नाही. त्यांनी ती पूड काढली, चहा केला, डबा होता तिथे परत ठेवला आणि मनाशी एक नेम धरला: डबा जिथून काढला तिथेच ठेवायचा. माणसाला धरायला काहीतरी लागतं. काकांनी हे धरलं.

शेजाऱ्यांना मात्र हा नेम पटेना.

"अहो, चिठ्ठ्या चिकटवा की डब्यांवर!" समोरच्या काकू म्हणाल्या. "मीठ, साखर, तांदूळ. मी लिहून देते. आणि ते साखरेला सहा नंबर, मिठाला अकरा… मला तर लॉटरीच्या ऑफिसात आल्यासारखं वाटतं."

वरच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "काका, एकटा माणूस घसरतो तो स्वयंपाकघरातच. मी आकडेवारी सांगतो ना. तुम्ही सरळ डबा लावा बाहेरून."

"डबे आहेत माझ्याकडे भरपूर," काका म्हणाले.

चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या तर पाच मिनिटांत काम झालं असतं, हे काकांनाही कळत होतं. पण बाईंच्या अक्षरातल्या नंबरावर काकूंच्या अक्षरातलं 'मीठ' त्यांना बघवलं नसतं. तेव्हा उरला एकच मार्ग. तो काकांनी धरला, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. काकांनी दहावीच्या विज्ञानाच्या क्लासला नाव घातलं.

क्लासच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "विद्यार्थ्याचं नाव?"

काकांनी आपलं नाव सांगितलं.

"पालकांचं नव्हे, विद्यार्थ्याचं."

"तेच."

कारकुनाने मान वर केली. खाली घातली. "पालकांचं नाव?"

"वडील वारले."

"आई?"

"त्याही."

"मग गैरहजेरीचा मेसेज कुणाला पाठवायचा? पालकांचा नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

काकांनी जन्मभर अपुरे अर्ज परत पाठवले होते. अपुऱ्या अर्जाचं दुःख काय असतं हे त्यांना त्या खिडकीत कळलं. बाई शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर त्यांच्या सह्या घेणारी मुलं काकांनी पाहिली होती. आता आपली काळजी कुणाकडे कळवायची? बराच वेळ विचार करून त्यांनी दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या मोठ्या बहिणीचा, आक्काचा, नंबर दिला. आक्काला सांगायचं मात्र राहून गेलं.

क्लासमध्ये काका शेवटच्या बाकावर बसत. मुलांनी पहिले दोन दिवस त्यांना तपासणी अधिकारी समजून कमालीची शिस्त पाळली. मॅडम तरुण होत्या, आणि फळ्याशी उभ्या राहिल्या की भराभर बोलत.

"उभ्या रांगेला म्हणायचं गण. एका गणातली मंडळी म्हणजे एका घरातली भावंडं. बाहेरच्या कक्षेत सारखेच इलेक्ट्रॉन, म्हणून स्वभाव सारखा. डावीकडच्या पहिल्या गणात बघा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. जसजसे खाली जाल तसतसा अणू मोठा. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, त्याच्यावरची पकड सैल. सुटून जायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून वरचा सौम्य, खालचा जहाल. लिथियम पाण्यात सुरसुरतो, सोडियम सैरावैरा पळतो, पोटॅशियम पेटच घेतो!"

मुलं हसली. काका वहीत लिहीत होते, ते थांबले. केंद्रापासून लांब, पकड सैल. लेकीचा फोन आता रविवारी येई आणि ती तिकडून विचारी, "जेवलात ना बाबा?" तेव्हा तिच्याकडे पहाट असे आणि इकडे जेवणाची वेळ टळून गेलेली असे. काकांनी वाक्य पूर्ण केलं आणि त्याखाली रेघ ओढली.

"उजवीकडून दुसऱ्या गणात उलटं. तिथे इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो, ओढून घ्यायचा असतो. म्हणून वरचा फ्लोरीन सगळ्यात आक्रमक. मग क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, उतरत्या क्रमाने शांत. आणि शेवटचा गण? त्यांचं घर भरलेलं. कुणाकडून काही नको, कुणाला काही देणं नाही. आता मीठ घ्या. डावीकडचा सोडियम पाण्यात पेटणारा, उजवीकडचा क्लोरीन विषारी. दोघांचा संसार झाला की आपण ते ताटात वाढून घेतो."

काका घरी येऊन भिंतीसमोर उभे राहिले आणि एकेक डबा उघडू लागले. पंधरा, फॉस्फरस: काडेपेट्या. सोळा, गंधक: वाळवलेला लसूण. सव्वीस, लोखंड: मनुका, आणि पुडीत बांधलेले खिळे. त्रेपन्न, आयोडीन: जखमेवर लावायचं औषध. सतरात धुण्याची ब्लीचिंग पावडर, पण मीठ मात्र अकरात. दोघांच्या संसारात मिठाचं बिऱ्हाड सोडियमकडे! ब्याण्णवात, म्हणजे युरेनियमच्या खणात, लाल तिखट. काका एकटेच मोठ्याने हसले. मग ओशाळले, कारण हसताना त्यांनी मागे वळून पाहिलं होतं.

माणसाला थोडी विद्या आली की ती वापरायची खुमखुमी येते, आणि थोड्या विद्येसारखं निसरडं काही नाही. काकांची पहिली परीक्षा घ्यायला इमारतीचे चेअरमन आले.

चेअरमन आले होते गच्चीवरची टाकी धुण्याच्या ठरावावर सही घ्यायला. बाई गेल्यावर चहाला थांबलेले ते पहिलेच पाहुणे. काकांनी आधण ठेवलं. दुधाची पिशवी ते आणत नसत. एकट्या माणसाला ती पुरवून पुरवून नासते. दुधाची पावडर विसात असे, कॅल्शियमच्या घरात. वीस उघडलं, तर तळ. काकांची पाचावर धारण बसली. पण मग त्यांना मॅडमचा आवाज ऐकू आला: एका गणातली भावंडं, स्वभाव सारखा. विसाच्या डोक्यावर बारा. बारात पांढरीशुभ्र पूड. दिसायलाही सख्खी बहीण! शिवाय वरचा सौम्य, खालचा जहाल. म्हणजे ही जरा कमी दाट असणार. काकांनी दोन चमचे जास्त घातले.

"चहा जरा… खडूसारखा लागतोय, नाही?" चेअरमन म्हणाले.

"नवीन पावडर आहे."

"छान आहे, छान आहे." बायको गेलेल्या माणसाचा हिरमोड करू नये म्हणून त्या भल्या गृहस्थाने आणखी अर्धा कप मागून घेतला. चांगुलपणाला जगात कधीकधी फार सोसावं लागतं.

बारा नंबर म्हणजे मॅग्नेशियम, आणि त्या डब्यात बाईंनी ठेवलेला होता मॅग्नेशिया: पोट साफ होण्याचं चूर्ण.

त्या संध्याकाळी टाकीची सभा होती. चेअरमननी प्रास्ताविक सुरू केलं आणि उठले. परत येऊन ठराव वाचायला घेतला आणि उठले. विषय दुसरा निघेपर्यंत ते येण्याजाण्याच्या पलीकडे गेले होते. टाकी धुतली गेली नाही. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात कमिटीचं पत्र आलं: आपल्या स्वयंपाकघरात एकशे अठरा मूलद्रव्यांचा साठा असल्याचं समजतं. तरी अग्निशमन केंद्राचा ना हरकत दाखला तात्काळ सादर करावा.

पत्रामागून कमिटीतर्फे पाहणीला विमावाले स्वतः आले. "काका, वैयक्तिक काही नाही हं. पण क्लॉजमध्ये बसत नाही. ब्याण्णवात काय आहे? खरं सांगा."

"तिखट."

"ते उघडल्याशिवाय मी मान्य करणार नाही," असं म्हणून विमावाल्यांनी ते उघडलं, नाकाजवळ नेलं आणि पुढची पंधरा मिनिटं युरेनियमबाबत त्यांचं जे काही मत होतं ते शिंकांमधून दिलं.

अग्निशमन केंद्रातल्या साहेबाने काकांना बाकावर बसवून ठेवलं, मग बोलावलं.

"साठ्यात सोडियम?"

"आहे. मीठ."

"मिठाला आमच्याकडे रकाना नाही. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय का?"

"मीठ?"

"सोडियम."

"साहेब, मग आमटी… म्हणजे जेवायचं कसं?"

साहेबाने पेन खाली ठेवलं. "काका, घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणि?"

"नाही. मीच."

साहेबाने पेन पुन्हा उचललं. साठ्याच्या जागी 'निरंक' लिहिलं आणि कागद आवक टेबलाकडे पाठवला. तिथला कारकून जेवायला गेला होता. आवक टेबलावरचा माणूस जागेवर नसला तर काय होतं, हे काका पहिल्यांदाच समोरच्या बाजूने पाहत होते. तो आला, त्याने शिक्का शोधला, शाई शोधली. दाखला हातात पडेपर्यंत क्लास सुरू होऊन सुटलाही होता.

आणि दुसऱ्या गावी, आक्काच्या फोनवर मेसेज उमटला: 'आपला पाल्य आज वर्गात गैरहजर होता. मागील चाचणीतील गुण: वीसपैकी सात.'

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने हजर. हातात पिशवी, कपाळावर आठी.

"मला आयुष्यात मूलबाळ झालं नाही," दारातच ती म्हणाली, "आणि या वयात पाल्य? तोही गैरहजर? आणि सात गुण? काय रे मेल्या, हे काय ऐकतेय मी?"

काकांनी सगळं सांगितलं. आक्काने भिंत पाहिली. दोन डबे उघडले, मीठ शोधता शोधता धुण्याच्या पावडरीत बोट घातलं, आणि निर्णय दिला.

"हे बघ. तुझी बायको हुशार होती, मी नाही म्हणत नाही. पण हे घर नाही, ही परीक्षा आहे. ही मांडणी काढायची, डब्यांवर नावं घालायची. नाहीतर माझ्याकडे चल. माझ्याकडे चार खोल्या आहेत आणि खोल्यांत मी एकटी."

"मला येतं आता सगळं," काका म्हणाले.

"येतं? मग रविवारी मला जेवू घाल. या भिंतीतून. कुणाला विचारायचं नाही, शेजारून काही आणायचं नाही. जमलं तर ही भिंत तुझी. नाहीतर सोमवारी सुतार."

काकांनी आव्हान स्वीकारलं. न स्वीकारून करतात काय? भिंत गेली असती तर त्या घरात बाईंचं म्हणून काय उरलं असतं? साड्या लेकीने नेल्या होत्या, पुस्तकं शाळेने. ही भिंत न्यायला कुणाला जमलं नव्हतं म्हणून राहिली होती.

बेत साधा ठरला. टोमॅटोचं सूप, भात, उकडलेले बटाटे. काकांनी शुक्रवार, शनिवार सराव केला. पहिला भात इतका चिकट झाला की चमचा उभा राहिला. दुसरा इतका मोकळा, की दाणे एकमेकांना ओळखही दाखवीनात. पण तिसरा भात भातासारखा झाला, आणि तो एकट्याने खाताना काकांना कुणालातरी दाखवावासा वाटला.

रविवारी परीक्षक म्हणून समोरच्या काकूही आल्या. चेअरमनना बोलावलं होतं, त्यांनी दारातूनच प्रकृतीचं कारण सांगितलं. सूप उकळलं. काकांनी अकरा उघडलं. सरावात सगळं मीठ संपलं होतं.

ते धावत कोपऱ्यावर गेले. दुकानाला कुलूप. शेजारून आणायचं नाही ही अट. बाहेरच्या खोलीत आक्का भांड्यावर चमचा वाजवू लागली होती. काका भिंतीसमोर उभे राहिले. मॅग्नेशियाचा प्रकार त्यांच्या स्मरणात होता, पण तिथे चूक काय झाली होती याचा त्यांनी पूर्ण अभ्यास केला होता: तिथे ते वर गेले होते. वर जायचं नाही, खाली जायचं! अकराच्या खाली एकोणीस, सोडियमच्या खाली पोटॅशियम. एकोणीस उघडलं, तर आत पारदर्शक खडे. खडेमीठच की! खालचा जहाल, म्हणून त्यांनी नेमापेक्षा निम्मंच घेतलं, कुटलं आणि सुपात, भातावर, बटाट्यांवर घातलं. चाखून पाहिलं नाही. शास्त्रावर श्रद्धा असलेला माणूस चाखून बघत नाही.

आक्काने पहिला चमचा तोंडात घातला. तिचे ओठ आत गेले. मग गाल आत गेले. मग डोळे बारीक झाले आणि साऱ्या चेहऱ्याची चुणीदार पिशवी झाली. ती काही बोलायला गेली, पण जीभ टाळूला चिकटलेली. आक्काला गप्प बसलेलं काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

काकूंनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं. "अगं बाई! अहो, ही तुरटी! गढूळ पाणी निवळायला फिरवतात ती!"

"तुरटी?" काका म्हणाले. "म्हणजे आमच्या कचेरीत गाड्या भरभरून यायची ती?"

तुरटीत पोटॅशियम असतं, म्हणून बाईंनी ती एकोणिसात ठेवली होती. जन्मभर तुरटीच्या गाड्यांच्या पावत्यांवर काकांनी शिक्के मारले होते. तुरटी आवक. तुरटी आवक. अख्ख्या गावाचं पाणी त्या शिक्क्यांवर निवळलं. तुरटी दिसते कशी, हे बघायला ते एकदाही टेबलावरून उठले नव्हते.

सोमवारी सुतार आला. तोच तो. "तेव्हाच म्हटलं होतं बाईंना, फळ्या मारू," म्हणत त्याने हत्यारं मांडली. आक्काची जीभ सुटली होती. ती आणि काकू एकेक डबा खाली काढून टेबलावर ठेवू लागल्या आणि काकांना विचारू लागल्या.

"हे काय?"

"नऊ. चहा."

"चहाचा आणि नवाचा काय संबंध?"

"फ्लोरीन. चहाचं झाड मातीतून फ्लोरीन ओढून पानांत साठवतं. मॅडमना विचारलं मी."

"आणि ही वाळूपूड?"

"चौदा, सिलिकॉन. भांडी घासायला. त्याच्या डोक्यावर सहा, कार्बन, साखर. एका गणातले, पण साखरेच्या जागी वाळू चालत नाही. भावंडं सारखी असतात म्हणजे तीच नसतात, हे मला काल कळलं."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा डबा उचलला. डबे निघत राहिले. काका न अडखळता सांगत होते: कशात काय आणि ते तिथेच का. सांगताना ते बाईंसारखी मान तिरपी करत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंच्या लक्षात आलं आणि त्या उगाचच पदराने एक स्वच्छ डबा पुसत बसल्या.

उजवीकडची शेवटची रांग सुताराने हातात घेतली. "हे सगळे रिकामेच की! उगाच अडवून ठेवलेत." त्याने अठरा नंबरचं झाकण ओढलं. फट्ट करून निघालं.

"लावा ते!" काका एवढ्या जोरात ओरडले की सुताराच्या हातून डबा पडता पडता राहिला. त्यांनी तो हिसकावून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"अरे, काही नव्हतं त्यात," आक्का म्हणाली.

"आर्गॉन होता. हवेत असतो तो, थोडा. म्हणून बाईनं त्या डब्यात नुसती हवा भरून ठेवली होती. झाकण तिनेच लावलं होतं, आक्का. तेव्हापासून कुणी उघडलं नव्हतं. ती हवा… तिच्या वेळची होती."

सुताराने हातोडी जमिनीवर ठेवली, आवाज न करता.

आक्काने विचारलं, "किती गेली असेल रे?"

"थोडी गेली असेल. पण आर्गॉन कुणाशी संयोग पावत नाही. जाऊन जाऊन जाणार कुठे? खोलीतच असेल."

आक्काने वर पाहिलं. दोन बुरुजांमधली खिडकी सताड उघडी होती. "मग उभा काय राहिलास?" ती सुतारावर खेकसली. "खिडकी लाव आधी!"

सुताराने खिडकी लावली. मग डबे परत खणांत गेले, काका नंबर सांगतील तसे. सुताराला आलाच आहेस तर खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसव, म्हणून सांगण्यात आलं. डबे लावून झाल्यावर आक्का कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"माझ्याकडे सगळ्या डब्यांवर नावं आहेत," ती म्हणाली. "पण हे इथेच का, असं कुणी विचारलं तर मला काही सांगता यायचं नाही. आणि विचारतंय कोण म्हणा."

दुसऱ्या दिवशीच्या बसने ती गेली. काका थांब्यावर पोचवायला गेले. "चल ना," ती एकदाच म्हणाली. काका म्हणाले, "येईन कधीतरी," आणि दोघांनाही त्याचा अर्थ कळला. बस वळेपर्यंत ते हात वर करून उभे होते.

घरी आले तर ओट्यावर एक पुडी. आक्काने जाताना ठेवलेली. उघडून पाहिली तर दालचिनी, चहात घालायला.

दालचिनी बाईंच्या भिंतीत नव्हती. बाईंना तिचा वास आवडत नसे. काकांनी वही काढली, चाळली. दालचिनीचा उल्लेख नाही. मॅडमचा क्लास परीक्षेच्या सुट्टीने बंद झालेला. ते भिंतीसमोर पुडी घेऊन उभे राहिले. कडेच्या पहिल्या रांगेत पोटॅशियमच्या खाली सदतीस नंबर होता, रुबिडियम, मोकळा. तिथे ठेवावी का? की सहाजवळ कुठे? की तांब्याच्या एकोणतिसात, रंगावरून? जिथे तिथे ठेवायला ते काही वाणी नव्हते. इथे प्रत्येक वस्तूला कारण लागत होतं, आणि कारणं देणारं माणूस नव्हतं.

शेवटी त्यांनी ती सदतिसात ठेवली. झाकण लावलं. मग खोलीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, चुकलं असेल तर सांग."

कचेरीत नियम होता. मुदतीत हरकत आली नाही, तर प्रस्ताव मंजूर समजावा. काका ओट्याला टेकून मुदत संपायची वाट पाहत उभे राहिले. आधण उकळून अर्धं झालं. खिडकी बंद होती, घरात कसला आवाज नव्हता. हरकत आली नाही.

काकांनी मुदत वाढवून दिली.